विष्णुभटांची कावड

अंबड हे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शोधून सापडायचे नाही. नाशिक शहराच्या नैर्ऋत्येला वसलेले हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. आता त्याच्या एका अंगाला कारखान्यांच्या शेडा आहेत, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या वसाहती, आणि जवळूनच मुंबई-आग्रा रस्ता रात्रंदिवस वाहत असतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी येथे घर केले, तेव्हा मित्रांनी विचारले, की अरे, भोंग्यांच्या गावात तू वाचणार काय आणि लिहिणार काय? त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज ते थोडेसे सुचते आहे, म्हणून हा लेख.

एका जुन्या मराठी पुस्तकाविषयी मला बोलायचे आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. वाचकांपैकी पुष्कळांनी ते वाचले असेल, निदान त्यातला एखादा उतारा तरी शाळेत ऐकला असेल. झाशीच्या राणीला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे पुस्तक, अशी त्याची ख्याती आहे. मीही तीस वर्षे मुलांना तेच सांगत आलो. ते खोटे नाही. पण अपुरे आहे, आणि ते अपुरेपण मला माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या एका कारखान्यातल्या मुलाने दाखवून दिले. ती गोष्ट ओघाने येईलच.

प्रथम विष्णुभटांची ओळख. पेणजवळच्या वरसई गावी १८२७ साली त्यांचा जन्म झाला. घराणे वैदिक भिक्षुकांचे. विद्या पुष्कळ, मिळकत बेताची, आणि डोक्यावर कर्ज. अशात वार्ता आली, की दौलतराव शिंद्यांची विधवा बायजाबाई मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार असून ब्राह्मणांना लाखांनी दक्षिणा वाटली जाणार आहे. तीस वर्षांच्या विष्णुभटांनी जायचे ठरवले. बरोबर काका रामभट. उत्तरेकडच्या मुलखाला त्या काळी आपले लोक ‘हिंदुस्थान’ म्हणत. घरच्यांच्या मनात त्या मुलखाविषयी काय काय भीती होती! तिकडचे पुरुष भांग पितात, तिकडच्या बायका मायावी असतात, गेलेला माणूस परत येत नाही. तरीही कर्ज हे भीतीपेक्षा मोठे असते. १८५७ च्या प्रारंभी काका-पुतणे निघाले.

साल वाचताच वाचकाच्या काळजात धस्स होते. विष्णुभटांच्या झाले नाही, कारण त्यांना पुढचे काहीच ठाऊक नव्हते. या पुस्तकाची सारी गोडी आणि सारी भीती या एका गोष्टीत साठवलेली आहे. आपण इतिहास वाचून बसलेले असतो. ते बिचारे दक्षिणेचा हिशेब मांडत चाललेले असतात.

सातपुडा ओलांडून ते महूच्या वाटेला लागले, तेव्हा मुक्कामात शिपाई भेटले आणि त्यांनी काडतुसांची हकीकत सांगितली. लवकरच कल्लोळ माजणार, पुढे जाऊ नका, असे सुचवले. शहाणा माणूस तेथून मागे फिरला असता. हे फिरले नाहीत. त्या ठिकाणी मी पूर्वी भराभर पाने उलटत असे, कारण मला झाशी गाठायची घाई असायची. आता तेथेच थांबतो. घरून निघताना कर्ज फेडण्याची आशा दाखवून निघालेला मुलगा वाटेतून रिकाम्या हाताने परत कसा जाईल? लढाईची भीती मोठी खरीच, पण आपल्याच उंबऱ्यावर उभे राहून ‘काही मिळाले नाही’ असे सांगण्याची भीती त्याहून मोठी. विष्णुभट हे कोठे स्पष्ट लिहीत नाहीत. ते दैवावर हवाला ठेवतात. पण त्यांची पावले काय ते सांगून जातात.

येथे मला आमच्या शेजारच्या एका दगडाची साक्ष काढावीशी वाटते. अंबडपासून जवळच त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने तीन लाख गायी दिल्या, देवाब्राह्मणांना सोळा गावे दिली, लाख ब्राह्मणांना वर्षभर जेवू घातले. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे उतरण्यासाठी धर्मशाळा बांधल्या. यातले दशपूर म्हणजे माळव्यातले मंदसोर, आणि गोवर्धन तर आमच्या नाशिकजवळचे. सगळे खणखणीत अक्षरांत कोरलेले आहे. दिले कोणी, किती, कोठे, याची नोंद दगडावर राहिली. पण त्या लाख पानांवर बसलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला माहीत आहे काय? तो कोठून चालत आला, त्याच्या पायाला फोड आले होते का, त्याच्या घरी म्हातारी आई वाट पाहत होती का? दानाचा इतिहास देणाऱ्याने लिहिला. घेणारा त्यात संख्या होऊन राहिला.

‘माझा प्रवास’ हे माझ्या दृष्टीने घेणाऱ्याने लिहिलेले पुस्तक आहे, आणि येथेच त्याचे वेगळेपण आहे. कोणत्या संस्थानात ब्राह्मणाचा मान कसा ठेवतात, कोठे भोजनाला काय वाढले, कोणाच्या हातून काय सुटले, हे विष्णुभट बारकाईने नोंदतात. आजच्या वाचकाला यात थोडी हाव दिसेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. आपण कशासाठी निघालो हे त्यांनी तीर्थयात्रेच्या भगव्या वस्त्राखाली झाकून ठेवले नाही. तीर्थयात्रेची हौस होती, पुण्याची ओढ होती. पण आधी पोट होते, आणि ते त्यांनी आधीच सांगून टाकले. असा निवेदक पुढे जे सांगेल त्यावर आपोआप विश्वास बसतो.

महूच्या पलटणी १ जुलै १८५७ रोजी उठल्या. त्या वावटळीतून हे दोघे माळव्यातून फिरत फिरत पुढे ग्वाल्हेरीस आणि शेवटी झाशीस पोचले. झाशी हा या पुस्तकाचा गाभा. राणी लक्ष्मीबाईचा दिनक्रम, तिचा व्यायाम, तिचा दानधर्म, दरबारात बसताना ती कधी पुरुषी वेष करी तो कसा असे, हे सारे विष्णुभट सांगतात. आणि गंमत अशी, की ते राणीकडे थोरवी शोधत पाहत नाहीत. एखाद्या मोठ्या घरच्या यजमानीणबाईकडे भिक्षुक जसा पाहतो तसे पाहतात. हात सढळ आहे का, बोलणे कसे आहे, घरात शिस्त आहे का. त्या साध्या नजरेत राणी जिवंत होते. तिच्यावर पुढे किती पोवाडे, नाटके आणि चित्रपट झाले! त्यांतली राणी सदैव घोड्यावर असते. विष्णुभटांची राणी स्नान करते, दाने देते, कागदपत्र पाहते, थकते.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. रात्रीच्या आभाळातून येणारे तोफांचे लाल गोळे, शहरात पेटलेली घरे, पाण्यासाठी झालेली तारांबळ, हे वर्णन मराठीत अजोड आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोरे सैन्य शहरात शिरले, राणी रात्रीतून निसटली, आणि मागे राहिलेल्या लोकांवर कत्तल आणि लूट यांचे दिवस आले. या दिवसांत विष्णुभट काय करत होते? लपले होते. दुसऱ्याच्या घराच्या अंधाऱ्या पोटात, काकांच्या अंगाला अंग लावून, श्वास रोखून. सैनिक आले, जवळची जमवलेली दक्षिणा काढून घेतली, प्राण तेवढे सोडले. झाशीतल्या मोठ्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, त्याचे दुःख ते अशा सुरात करतात, की घरचे माणूस गेल्यासारखे वाटावे.

आता एक प्रश्न विचारू या. दुसरा कोणी लेखक असता तर या लपण्याचे त्याने काय केले असते? एक तर ते गाळले असते, किंवा त्याला काही उदात्त कारण चिकटवले असते. विष्णुभटांनी तसे काही केले नाही. आपण घाबरलो हे ते अगदी सरळ सांगतात. आपल्याकडच्या आत्मपर लेखनात शौर्य मुबलक आहे, पश्चात्तापही बराच आहे. पण साधी, थरथरणारी, माणसासारख्या माणसाची भीती फार थोडी आहे. या पुस्तकात ती आहे, आणि म्हणून झाशीची कत्तल येथे वाचताना आकड्यांनी कळत नाही, अंगावर काटा येऊन कळते.

आमच्या नाशिक जिल्ह्याला १८५७ सालाच्या लेखनाचा एक दुसराही अभिमान आहे. भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये बसून, तेथल्या कागदपत्रांच्या आधारे, त्या उठावाला स्वातंत्र्यसमर ठरवणारा ग्रंथ मराठीत लिहिला. त्याचे इंग्रजी रूप १९०९ साली प्रसिद्ध झाले. ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ साली. दोन वर्षांचे अंतर, आणि किती वेगळ्या दोन नजरा! एकाने घटना नुसती वाचली आणि तिला अर्थ दिला. दुसरा घटनेच्या पोटात सापडला आणि त्याला अर्थ लावायला सवडच मिळाली नाही. विष्णुभट शिपायांच्या बाजूचे होते की विरुद्ध, असे कोणी विचारले तर नेमके उत्तर देता येत नाही. राणीविषयी आदर, धर्म बुडतो की काय याची चिंता, इंग्रजांचा धाक, आणि लुटारू मग तो कोणाच्याही बाजूचा असो त्याची धास्ती, हे सारे त्यांच्या मनात एकाच वेळी नांदते. अर्थ देणारे ग्रंथ राष्ट्राला हवेच असतात. पण त्यांच्या शेजारी असा एखादा गोंधळलेला साक्षीदार ठेवावा, म्हणजे त्या अर्थाची किंमत कोणी मोजली हे विसरायला होत नाही.

पुस्तकाची स्तुती फार झाली. आता उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर ही समीक्षा नव्हे, आरती होईल. पहिली उणीव ही, की विष्णुभट पाहिलेले आणि ऐकलेले एकाच सुरात सांगतात. इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे धर्माविरुद्धची कलमे ठेवली वगैरे हकीकती त्यांनी बाजारात ऐकल्या आणि घडलेल्या गोष्टी म्हणून लिहिल्या. इतिहासकाराने तेथे सावध राहावे. माझ्यासारख्या सामान्य वाचकाला मात्र त्या अफवाही मोलाच्या वाटतात, कारण लोक कशावर विश्वास ठेवत होते हे त्यांतूनच समजते. लिहिले तेही ताजे नव्हे. हकीकत १८५७ ते १८६० ची आणि लेखन १८८३ चे. इतक्या वर्षांत आठवण सुद्धा आपल्या आवडीची वळणे घेते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. विष्णुभटांचे जग फार अरुंद आहे. ब्राह्मणांची घरे त्यांना आतून दिसतात. इतर जातींची माणसे रस्त्यावरून जाताना दिसतात. झाशीत ज्यांचे गळे चिरले गेले त्यांत कोष्टी होते, कारागीर होते, त्यांच्या बायकापोरे होती. त्यांची घरे आतून कशी होती हे या पुस्तकातून कळत नाही. उत्तरेतल्या स्त्रियांविषयी तर ते कधी कधी चव्हाट्यावरच्या गप्पा मारतात. काळाचा दोष म्हणून हे माफ करता येईल, पण नाही असे म्हणता येणार नाही. मघाशी मी उषवदाताच्या शिलालेखाला जे विचारले, तेच विष्णुभटांनाही विचारले पाहिजे. त्यांच्या पुस्तकातही नावे नसलेले पुष्कळ लोक आहेत.

आता या पुस्तकाची स्वतःची एक प्रवासकथा आहे तीही सांगतो. विष्णुभटांना लिहायला लावले ते चिंतामण विनायक वैद्य यांनी. पुढे इतिहासकार म्हणून कीर्ती मिळवलेले आणि १९०८ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले तेच हे भारताचार्य वैद्य. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, त्यांनी पुस्तक छापले. त्यांचे उपकार मराठी कधी फेडू शकणार नाही. पण छापताना त्यांनी भाषा सारखी केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी आपला घातला. भले मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी फाडून टाकले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ बखर प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे साठ वर्षांनी विष्णुभटांचा खरा आवाज ऐकू आला. तो आवाज कथेकऱ्याचा आहे. वाक्याला वाक्य जोडत जातो, मध्येच वाट सोडतो, जेवणाची आठवण येताच थांबतो, आणि पुन्हा वाटेला लागतो. वैद्यांच्या छापील प्रतीत तो पाटावर नीट बसून बोलतो. मूळ प्रतीत पडवीत मांडी ठोकून.

वैद्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण मी स्वतः त्याहून मोठी कात्री चालवली आहे. काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचा प्रसंग सर्वांना माहीत असेल. पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीवर येते. विष्णुभट तेथे असतात. ते पाणी काढायला पुढे होतात. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे हे तिला रुचत नाही, ती स्वतः पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. तीस वर्षे मी वर्गात हा प्रसंग वाचला, मुलांचे डोळे पाणावले, माझेही पाणावले, आणि घंटा झाली. राणी तेथून पुढे गेली, ग्वाल्हेरीस जूनमध्ये पडली, इतिहासात गेली. पण विहिरीवर उभा राहिलेला तो माणूस पुढे कोठे गेला, हे मी एकदाही मुलांना सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. इतके आम्ही त्याला निव्वळ खिडकी समजत होतो.

हा प्रश्न अखेर विचारला तो माझ्या भाडेकरूने. उत्तर प्रदेशातल्या जालौन जिल्ह्यातला हा मुलगा. काल्पी त्याच जिल्ह्यात, यमुनेच्या काठी. चार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी ओळखीने तो अंबडला आला, एका कारखान्यात लेथवर लागला, आणि कामावरच मराठी शिकला. मला काका म्हणतो, आमच्या घरात काकूंच्या हातचे पिठले आवडीने खातो. गेल्या वर्षी भाद्रपदात त्याचे कंत्राट संपले आणि पुढचे मिळेना. दिवस खोलीत, संध्याकाळ ओट्यावर. मी त्याला अमृतलाल नागर यांनी केलेला ‘माझा प्रवास’चा हिंदी अनुवाद, ‘आँखों देखा गदर’, वाचायला दिला. तुझ्या गावाकडची गोष्ट आहे, म्हटले, वाच. मनात माझ्या अर्थातच विहीर होती.

चार-पाच दिवसांनी तो पुस्तक घेऊन ओट्यावर आला. मी वाट पाहत होतो, की आता राणीविषयी बोलेल. तो म्हणाला, “काका, हे पंडितजी घरी किती घेऊन गेले?”

मी म्हटले, “म्हणजे?”

“म्हणजे कर्ज होतं ना घरावर. ते फिटलं का?”

मला चटकन उत्तर देता येईना. शेवटची पाने मी किती वर्षांत वाचली नव्हती! आत जाऊन मराठी प्रत काढली आणि दोघे मिळून शेवट पाहू लागलो. झाशीनंतर विष्णुभटांवर संकटांवर संकटे आली. जमवावे आणि लुटले जावे, पुन्हा जमवावे आणि पुन्हा लुटले जावे. चित्रकूट, प्रयाग, काशी, अयोध्या अशी क्षेत्रे झाली. ज्या यज्ञासाठी निघाले त्या यज्ञाच्या दक्षिणेने घरचे दिवस पालटले असे काही घडलेच नाही. तीन वर्षांच्या आसपास वणवण करून ते वरसईला परतले, तेव्हा सांगण्याजोगे जवळ होते ते एकच. खांद्यावरची गंगेच्या पाण्याची कावड. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

प्रवासवर्णन हा प्रकार आपल्याकडे पुढे केवढा बहरला! पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीचे वर्णन लिहिले, त्यात शिकण्याची तळमळ आहे. अनंत काणेकरांच्या १९४० च्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’मध्ये नव्या विचारांचे कुतूहल आहे. पु. ल. देशपांड्यांची १९६० ची ‘अपूर्वाई’ घरोघर गेली, कारण परदेशात उभ्या असलेल्या मराठी माणसाची फजिती पाहून आपण सारे पोट धरून हसलो. हे सर्व लेखक थोर आहेत, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर त्यांना पुन्हा वाचावे असेच आहेत. पण ते बाहेर पडतात तेव्हा पाहण्यासाठी पडतात, आणि परततात तेव्हा भरून परततात. काय पाहिले, काय शिकलो, काय हसलो, हे त्यांच्या पोतडीत असते. विष्णुभटांनी पाहायचे म्हणून काहीच पाहिले नाही. जे पाहिले ते वाटेत आडवे आले. आणि परत येताना तोटा झाला हे त्यांना ठाऊक होते. त्या तोट्याला त्यांनी विजयाचे रूप दिले नाही, ही त्यांची लेखक म्हणून मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आपण राणीला पाहिले, एवढ्यावर त्यांना केवढा डौल मिरवता आला असता! ते कावडीवर थांबले.

कोणी म्हणेल, की हे सारे तुम्ही लावलेले अर्थ आहेत. भिक्षुकाने आपले घडले तसे लिहिले. असेल. पण पंचवीस वर्षांनी लिहायला बसलेला माणूस कोठून सुरू करतो आणि कोठे थांबतो, ही त्याने केलेली निवड असते. विष्णुभटांनी कर्जापासून सुरुवात केली आणि आईवडिलांच्या स्नानापाशी शेवट केला. मधल्या दोन टोकांमध्ये एक राज्य बुडाले. ज्या पुस्तकाला आपण बंडाची हकीकत म्हणतो, त्याची चौकट एका घराची आहे. ती चौकट काढून आतले चित्र तेवढे भिंतीवर लावायचे, हे मी तीस वर्षे केले.

शेवट ऐकून माझा भाडेकरू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पंडितजींचं बरं होतं. इकडून गेले, तिकडून गंगाजल आणलं. आमच्याकडे तर यमुना दारात आहे, गंगा जवळ आहे. मी इथून काय नेऊ? गोदावरीचं पाणी?” आणि हसला. मीही हसलो, पण त्याने त्या दिवाळीला घरी न जाण्याचे ठरवले आहे हे मला काकूंनी आधीच सांगितले होते. हातात काही नाही तर कोणत्या तोंडाने जाऊ, असे तो त्यांच्यापाशी बोलला होता. मी त्याला उपदेश केला नाही. पुस्तकांचा असा उपयोग करायला गेले की माणूस दुरावतो आणि पुस्तकही. मी एवढेच म्हटले, की वसुबारसेला अजून आठ दिवस आहेत.

तो गेला. नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीने. ज्या स्थानकावर तो उतरणार होता त्याच्या नावात आता राणी लक्ष्मीबाईचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. वरसईकर भिक्षुकाच्या नावाचे स्थानक कोठे नाही, तेही योग्यच म्हणायचे. जाताना तो म्हणाला, “काका, हे पुस्तक नेतो. परत आणतो.” काकूंनी चिवडा आणि करंज्या बांधून दिल्या.

मार्गशीर्षात तो परतला. आता दुसऱ्या एका कारखान्यात लागला आहे. पुस्तक त्याने आठवणीने परत दिले. एका पानावर हळदीचा डाग पडला आहे. म्हणाला, की घरी रोज रात्री त्याने वडिलांना वाचून दाखवले, शेजारचे येऊन बसू लागले, आणि ती विहीर नेमकी कोणती यावरून गावात दोन तट पडले. एक म्हणे आमच्या शिवारातली, दुसरा म्हणे छे, ती तर कधीच बुजली. विहिरीवरून भांडण होणार हे मला अपेक्षितच होते. मी विचारले, “आणि वडील काय म्हणाले?”

“ते विहिरीचं काही बोलले नाहीत,” तो म्हणाला. “शेवट ऐकला आणि म्हणाले, पंडित शहाणा होता, घरी आला.”

मराठीत या पुस्तकावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मीही आज एवढे लिहिले. त्या म्हाताऱ्याच्या या एका वाक्यात जे आले ते माझ्या लेखात कितपत उतरले, वाचकांनीच पाहावे. दिवाळीचे दिवस आहेत. घरात कोठे तरी ‘माझा प्रवास’ची जुनी प्रत असेलच. या वेळी ती शेवटापर्यंत वाचावी.